मराठीत विचारा

आमच्या ह्यांना कोणीही विचारावं, ‘कैसे हो?’ उत्तर ठरलेलं: ‘बढ़िया!’ उभा जन्म इथल्या हिंदी मुलखातल्या फॅक्टरीत गेला. साहेबापुढं रडगाणं गायचं नाही, ही तिथली रीत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अन् हिंदीत या माणसाला कधी काही दुखलंच नाही. इथं माझा जीव टांगणीला लागला, तरी यांचं आपलं बढ़िया!

रिटायर झाल्यापासून हे जेवत नव्हते, झोपत नव्हते, भिंतीकडे पाहत बसून राहायचे. मागच्या आठवड्यात शेजारची कुंदा नागपूरहून बसनं आली अन् घरी न जाता आधी माझ्याकडे धावली. “मालनबाई, तुमचे मालक नदीवर, तिलवाऱ्याच्या पुलावर दिसले हो. एकटेच पाण्याकडे पाहून राहिले होते.”

संध्याकाळी मी विचारलं, “काहून गेले होते तिकडे?”

“तिथं बरं वाटते, मालन,” हे हळूच म्हणाले. “वाटते, आता सुटलो.”

तेव्हापासून यांच्या चपला मी पेटीत कुलपात ठेवते.

त्याच्या आधीच दवाखान्यात यांना उदासीच्या औषधाच्या अभ्यासात घेतलं होतं. पहिल्या टप्प्यात कॉम्प्युटरनं सोडत काढली, त्यात दोन गोळ्यांपैकी एक यांच्या वाट्याला आली. मग विचारपूस. बरं वाटत असेल त्याची तीच गोळी चालू. नसेल, तर त्याच्यासाठी पुन्हा सोडत, दुसरा टप्पा: कोणाला जोडीला आणखी एक गोळी, कोणाला गोळीसोबत बोलून उपचार. म्हणजे सगळा खेळ पेशंटच्या उत्तरावर. अन् आमचा पेशंट हा असा!

आज ती विचारपूस होती. आटोतच यांनी दम दिला. “तिथं तोंड उघडू नको. चार लोकांत मला वेडा ठरवलंस तर पाहा.” तोंड उघडलं तर अपमानानं आजच पुलावर जातील, नाही उघडलं तर उद्या.

विनता दीदी म्हणजे तिथली तरुण डॉक्टरीण. फोनवर तिला ‘हो गं आई’ म्हणताना मी ऐकलं होतं, पण आमच्याशी ती हिंदीच बोले.

“अंबादास जी, नींद?”

“बढ़िया.”

“भूख?”

“बढ़िया, मैडम.”

“कभी लगा कि जीना नहीं है?”

हे चक्क हसले. “अरे नहीं, नहीं!”

“चलो, अच्छा है. यही गोली चलेगी.”

अगं बाई, हिनं खरंच मानलं की! आता हीच गोळी, तीच भिंत, तोच पूल.

“दीदी,” माझ्या तोंडून निघून गेलं, “मराठीत विचारा.”

“मालन, गप!” हे ओरडले.

“पाया पडते तुमच्या. हेच सगळं मराठीत विचारा.”

“काकू, सवाल हिंदीतच वाचायचे असतात…” तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवला. “काका, तुम्हाला… झोप लागते?”

आमची नातही मराठी अशीच अडखळत बोलते. ह्यांनी मान वर केली.

“जगावं… वाटते का, काका?”

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“नाही, बेटा,” हे म्हणाले. “झोप नाही लागत. रोज वाटते, तिलवाऱ्याला जावं अन् संपवावं.”

मला माहीत होतं, पण इतकं उघड आज पहिल्यांदाच ऐकलं.

दीदीनं यांचा हात धरला. “बरं केलं, काका, सांगितलं. ते दुसरा टप्पा वगैरे मागाहून. आज तुम्ही इथंच राहायचं, वॉर्डात. काकू, एक मिनिटसुद्धा एकटं सोडायचं नाही.”

वॉर्डात चपला चालत नाहीत. मी त्या पिशवीत टाकल्या अन् यांचा दंड घट्ट धरून लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टवाला ओळखीचा, हसून म्हणाला, “कैसे हो चाचा? सब बढ़िया?”

यांनी सवयीनं तोंड उघडलं. मी डोळेच मिटून घेतले.

“नहीं, भैया,” हे म्हणाले. “बढ़िया नहीं है.”

लिफ्टवाला बिचारा गोंधळला. मी चपलांची पिशवी छातीशी धरली अन् तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडले.