गाडीतली राखण

शेलार गावच्या कुणालनं नवी गाडी घेतली आणि घरात एक कायमचा धसका येऊन बसला. काच फुटण्याचा. मागच्याच महिन्यात दापोड्याच्या एका लग्नात बाहेर लावलेल्या तीन गाड्यांच्या काचा भरदुपारी फुटल्या होत्या. कुणाचा लॅपटॉप गेला, कुणाची पर्स गेली. वऱ्हाड आत जेवत होतं आणि बाहेर चोर आपला हात मारून घेत होते. तेव्हापासून घरात ठरलं, लग्नाला गेलं की एक माणूस गाडीत बसणार. आता ऐन लग्नात गाडीत बसायला तयार कोण होणार? घरात ज्याला नाही म्हणता येत नाही, तोच. म्हणजे कुणालची आई.

तिला अख्खा गाव आक्का म्हणायचा, म्हणून पोटचा पोरगाही आक्काच म्हणायचा.

"मी बसते. या गुडघ्यानी मला कुठं नाचायचा हाय?" तीच म्हणाली होती. म्हणाली खरी, पण कुणी "नको" म्हणतंय का, याची तिनं जरा वाटही पाहिली होती. कुणी म्हणालं नाही.

लग्न पडघ्याला होतं, आक्काच्या भावाच्या, केसरीनाथच्या नातीचं. हॉलशेजारच्या मोकळ्या शेतात गाड्या लागल्या होत्या. वैशाखाचं ऊन आणि झाडाचं नाव नाही. नवरदेवाच्या वरातीपुढे नाचायचं म्हणून सूनबाई रुचिकानं राणीहार आणि पाटल्या काढल्या, लाल पाऊचमध्ये घातल्या आणि पाऊच सासूच्या मांडीवर ठेवला. सहा वर्षांच्या उन्नतीनं गेम खेळायला आजीचा फोन नेला.

"एसी चालू ठेवतो," कुणाल म्हणाला. "हलू नको हां, आक्का. माणूस बघला की चोर लांबूनच पळतो."

आक्कानं गुडघ्याची गोळी घेतली, मागच्या सीटवर आडवी झाली आणि तोंडावर चादर ओढली. गोळीनं झोप अशी लागली की गाडी हलली तेही तिला कळलं नाही. झालं असं, की गाड्या लावून देणारा केसरीनाथचा शेजारी दौलत आला. वरातीला वाट हवी होती आणि गाडीत चावी होती. त्यानं गाडी शेताच्या पार टोकाला नेऊन लावली, इंजिन बंद केलं, सवयीनं लॉक केलं, चावी खिशात टाकली आणि तोही नाचायला गेला. काचांना काळ्या जाळ्या होत्या. मागं चादरीखाली माणूस आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आक्का जागी झाली ती घामानं निथळत. एसी बंद. बाहेर पाहिलं तर हॉल कुठल्या कुठे राहिलेला. तिनं दार ओढलं. उघडेना. उन्नती चालत्या गाडीत दार उघडायची, म्हणून कुणालनं मागच्या दारांना आतून न उघडणारं लॉक लावलं होतं. काचेचं बटण दाबलं, काच हलेना. पुढच्या दोन सीटांमधून जायला गेली तर अंग मध्येच अडकलं आणि गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. त्या हिसक्यानं गाडीचा अलार्म मात्र बोंबलायला लागला. आक्काला धीर आला. आता कुणीतरी येईलच.

कोण येतंय! डीजेच्या दणक्यानं सकाळपासून गाड्या अशाच बोंबलत होत्या. थोड्या वेळानं अलार्म आपला आपण गप्प झाला.

आता मात्र तिला भीती वाटली. तोंड कोरडं पडलं, छाती धाडधाड उडायला लागली. आत घेतलेला श्वास पुरा पडेना. सीटला हात लावला तर चटका बसत होता. "कुणाल! अरे कुणाल!" ती ओरडली, काचेवर हात आपटले. तिचा आवाज तिच्याच कानात घुमला.

तेवढ्यात समोरच्या रांगेतून एक माणूस येताना दिसला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, डोक्याला वऱ्हाड्यांचा गुलाबी फेटा, हातात आहेराची पिशवी. देवच पावला! आक्कानं काच ठोकायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. कारण त्या माणसानं इकडेतिकडे पाहिलं, पांढऱ्या गाडीच्या काचेवर हातातलं काहीतरी मारलं आणि काच खळकन खाली आली. आतली बॅग आहेराच्या पिशवीत गेली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

हा चोर. ज्याच्यासाठी तिला इथं बसवलं होतं, तोच. माणूस बघला की पळतो म्हणे! आणि नाही पळाला तर? आपण त्याचं तोंड पाहिलं, म्हणून त्यानं ते हातातलं डोक्यात घातलं तर? पाऊच छातीशी धरून ती सीटवरून खाली सरकली, पायाच्या जागेत अंग चोरून बसली आणि चादर डोक्यावरून घेतली.

पावलं जवळ आली. काचेवर सावली पडली. त्यानं दाराचा खटका ओढून पाहिला, मग हाताचा आडोसा करून आत डोकावला. आक्कानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. धाप आवरत नव्हती, चादर वरखाली होत होती. त्याला जाळीतून काय दिसलं असेल ते असो. चुरगळलेली चादर दिसली असेल. सावली सरकली.

गेला! देवा, गेला.

तिनं चादर फेकली, तोंड उघडून श्वास घेतला, आणि काही आलंच नाही. नुसती गरम वाफ. हात गार पडायला लागले होते, एवढ्या उकाड्यात गार. बोटांत मुंग्या आल्या होत्या. तिनं मान वर करून पाहिलं. सगळ्या शेतात चिटपाखरू नव्हतं. तिकडे वरात ऐन रंगात आलेली. लग्न लागेपर्यंत कुणी फिरकणार नव्हतं, आणि तोवर आपण टिकत नाही, हे तिला स्वच्छ कळलं. आपण मरणार. जवळच्या माणसांपासून हाकेच्या अंतरावर, नव्याकोऱ्या गाडीत.

फेटेवाला चार गाड्या पुढे गेला होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बुडणाऱ्या माणसाला अवलक्षणाचं काय? आक्कानं जाळी ओरबाडून काढली आणि दोन्ही हातांनी काच ठोकली. तो दचकला, वळला. काचेमागे म्हातारी पाहून त्याचा चेहरा पडला आणि तो पळायच्या बेतात आला.

"ये!" आक्का ओरडली. "अरे जाऊ नको!"

तो पाठमोरा झाला. तेव्हा तिनं पाऊच उघडला, सुनेचा राणीहार बाहेर काढला आणि काचेवर धरला. पाटल्या धरल्या. उन्हात सोनं लखलखलं.

तो थांबला. मागं पाहिलं, पुढं पाहिलं. हा सापळा आहे की काय, या भीतीनं तोही पांढराफटक पडला होता. पण पाय मात्र इकडे यायला लागले. एकेक गाडी मागे टाकत तो येत होता आणि आक्का त्याला डोळ्यांनी ओढून घेत होती. तिला त्याची भीती वाटत होती, अजून वाटत होती. तो येणार नाही याची त्याहून जास्त वाटत होती.

एकच घाव. काच तिच्या मांडीवर, केसांत, पाऊचमध्ये सांडली. आत आलेल्या हातानं हार आणि पाटल्या हिसकल्या. "दार उघड रं बाबा," ती म्हणाली, पण तो केव्हाच पळाला होता. आक्कानं फुटक्या काचेतून डोकं बाहेर काढलं. गळ्याला ओरखडा गेला, रक्त आलं, तिला त्याचं काही नव्हतं. वैशाखातली ती धुळीची गरम हवा ती घटाघट पीत राहिली.

साडी बदलायला गाडीकडे आलेल्या तुळजा नावाच्या करवलीनं तिला पाहिलं आणि ती किंचाळली. मग सगळे धावले. दौलतनं खिशातली चावी दिली, कुणालनं मागचं दार उघडून कशीबशी आईला बाहेर काढली, पाणी पाजलं. रुचिकाचा हात आधी रिकाम्या पाऊचकडे गेला, मग सासूच्या गळ्यावरच्या रक्ताकडे.

"मारला का त्यानी तुला?" कुणालचा आवाज चिरकला होता. "सोना घेऊन गेला ना? पण त्याला कळला कसा? काळी जाळी होती, तू आत होतीस..."

"मीच दाखवला," आक्का म्हणाली.

"तू? चोराला? का पण?"

आक्कानं पोराचं मनगट घट्ट धरलं होतं. ते सोडायचं तिला भय वाटत होतं.

"तो निघून चालला होता रं," ती म्हणाली. "आनी दुसरा कोनच येत न्हवता."