भूमध्य सागरी हवामान

चिन्मयीने कोथिंबिरीच्या काड्या बाजूला सारल्या आणि लॅपटॉप ओट्यावर ठेवून त्याच्याकडे फिरवला.

"हे बघ. खोलीतूनच समुद्र दिसतो."

अवधूतने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि वाकून पाहिलं. पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, गच्चीवर दोन वेताच्या खुर्च्या आणि पलीकडे लख्ख उन्हात पसरलेलं पाणी. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, अंताल्याजवळचं छोटंसं हॉटेल होतं. स्वस्त, नाश्ता धरून, रस्ता ओलांडला की वाळू. वर तिने तारखा टाकल्या होत्या, जानेवारीच्या.

"छान आहे," तो म्हणाला.

"तुला चालेल?"

"चालेल."

ती लॅपटॉप उचलून सोफ्यावर गेली आणि तो उरलेली कोथिंबीर गरजेपेक्षा बारीक चिरत राहिला. जानेवारीत तिथे धो धो पाऊस असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नाशिकच्या शाळेत भूगोलाच्या बाईंनी ते घोकून घेतलं होतं. भूमध्य सागरी हवामान, उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात, प्रमुख पिके ऑलिव्ह, द्राक्षे, संत्री. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. पुढे उभ्या आयुष्यात या ज्ञानाचा कवडीचा उपयोग झाला नव्हता, आणि आता झाला तर तो नेमका नको तेव्हा, मेलबर्नमधल्या पॉइंट कुकच्या स्वयंपाकघरात.

चिन्मयीचा घोळ झाला होता, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. इकडे येऊन राहिलेल्या माणसांचे ऋतूंच्या बाबतीत असे घोळ होतातच. त्याची आई पहिल्यांदा आली ती जानेवारीच्या भर उन्हाळ्यात, बॅगभर स्वेटर आणि एक कानटोपी घेऊन. खुद्द चिन्मयीने पहिल्या वर्षी, मे महिना म्हणजे सुट्टी आणि सुट्टी म्हणजे ऊन या हिशेबाने टॉर्कीच्या बीचवर जायचा घाट घातला होता. दोघं गाडीच्या काचा वर करून कुडकुडत चिवडा खात बसले होते. आता इतक्या वर्षांत जानेवारी म्हणजे उन्हाळा हे अंगवळणी पडलं, तर ती तिकडेही तोच गृहीत धरून बसली. "समर हॉलिडेजमध्ये जाऊ या," ती म्हणाली होती. सगळं त्या एका शब्दात आलं, असं त्याला वाटलं.

एरवी त्याने तिथल्या तिथे सांगितलं असतं आणि वर वर्षभर तिची टरही उडवली असती. पण जुलैत त्यांचं बाळ गेलं होतं. तिला आठवा महिना होता. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर चिन्मयी रडली नाही, चिडली नाही. नुसती गप्प झाली. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची. महिन्याभराने लॅपटॉप उघडून ऑफिसचं कामही करू लागली आणि ते बिनचूक करत होती, म्हणजे डोकं चालू होतं. बाकीचं सगळं मिटलं होतं. अवधूतची गत काही फार वेगळी नव्हती. तो ट्रेनने शहरात जायचा, मीटिंगमध्ये बोलायचा, कोणी "हाउ आर यू, मेट?" म्हटलं की "गुड, गुड" म्हणायचा आणि दाढेला इंजेक्शन दिल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही तसा स्वतःचाच चेहरा घेऊन घरी यायचा. तरी आपण सावरलेले आहोत, अशी त्याने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. घरात एकाने तरी सावरायला हवं ना. हल्ली तो पहाटे लवकर जाऊन दुपारी लवकर निघायचा. त्या वेळच्या गाडीला शाळा सुटलेल्या मुलांची झुंबड असते, धड उभं राहायला जागा नसते. तो म्हणायचा, घरी लवकर पोचता येतं.

आणि मग एका संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली, आपण कुठेतरी लांब जाऊ या का. त्या दिवसापासून ती बोलत होती. फक्त हॉटेलांबद्दल, पण बोलत होती. या हॉटेलच्या गाद्या कडक आहेत म्हणतात, त्या हॉटेलपासून बाजार जवळ आहे, ग्रीस महाग पडतं, तुर्कस्तान परवडतं. जेवता जेवता मध्येच उठून फोटो दाखवायची. तीन महिने बंद असलेला नळ अचानक ठिबकायला लागावा, तसं झालं होतं त्याला. तो पावसाचं बोलला असता तर तिने लॅपटॉप मिटला असता, आणि तो पुन्हा उघडला असता की नाही, देव जाणे. या एका भीतीने तो मूग गिळून बसला. ती जे दाखवेल त्याला चालेल म्हणत राहिला.

नुसतं गप्प बसून भागलं असतं तर ठीक होतं. पण खोटं एकदा पाळलं की त्याला रोज खाऊ घालावं लागतं. तिच्या फोनवर तिकडचं हवामान दिसू नये म्हणून तो एक ना दोन खटपटी करी. दोन गरम कोट आणून त्याने गॅरेजमध्ये जुन्या गाद्यांमागे दडवले. निघताना हळूच बॅगेत सारू, असा बेत होता. पुढचं पुढे.

दिवाळीनंतरच्या रविवारी मयूराने फराळाला बोलावलं. मयूरा त्यांची इथली सर्वांत जुनी मैत्रीण. चिन्मयीचं डोहाळजेवण तिच्याच घरी झालं होतं. बाहेर थंडगार पाऊस, आत हीटर लावलेला, आणि फुलांचे दागिने घातलेली चिन्मयी हिरव्या साडीत घामाघूम होऊन हसत होती. त्यानंतर त्या घरी दोघं पहिल्यांदाच जात होती. दार उघडताना मयूराचा चेहरा असा झाला, जणू चूक तिचीच होती.

चकली झाली, करंजी झाली. मयूराची पाच वर्षांची ईशानी अवधूतच्या पाठीवर चढून बसली आणि उतरायला तयार होईना. आईने मराठीत दटावलं तर ती इंग्रजीत म्हणाली, "But he likes it." अवधूतने तिचे पाय नीट धरले, पडू नये म्हणून. समोर बसलेली चिन्मयी खिडकीबाहेर बघत होती.

मग विषय निघाला जानेवारीतल्या ट्रिपचा. त्यांचा सगळा ग्रुप दरवर्षी पोराबाळांसकट लॉर्नला समुद्रावर जाऊन तंबू ठोकतो. यंदा तुम्ही याल ना, असं मयूराने फार जपून विचारलं. चिन्मयीने सांगितलं, आम्ही तुर्कस्तानला चाललोय, बीचवर.

"जानेवारीत?" मयूराच्या कपाळाला आठी पडली. "अगं, पण तिकडे तेव्हा तर..."

"मयूरा, चहा टाकतेस का?" अवधूत इतक्या मोठ्याने म्हणाला, की पाठीवरची ईशानी दचकली. चहा नुकताच झाला होता, रिकामे कप समोर पडले होते. तो ईशानीला उतरवून कप गोळा करत मयूरामागोमाग स्वयंपाकघरात गेला आणि दार लोटून त्याने तिला गळ घातली, की काही बोलू नकोस. पावसाचं तिला माहीत नाही. आत्ता कुठे बोलायला लागली आहे.

"अरे, पण तिथे गेल्यावर कळेलच ना तिला. मग?"

"तेव्हाचं तेव्हा."

मयूराचे डोळे भरून आले. पदर नव्हता, तिने टॉवेलने पुसले.

"आणि तू? तू कसा आहेस?"

"मी ठीक आहे," अवधूत म्हणाला. त्याने कप विसळून उपडे घातले. आपल्याला खरंच काही होत नाही, याचं त्याला थोडं नवल वाटलं आणि थोडी लाजही.

बुकिंग मात्र होत नव्हतं. चिन्मयी दोन हॉटेलांवर येऊन अडली होती, आणि तिला तिथल्या माणसांशी फोनवर बोलूनच ठरवायचं होतं. अवधूतने तो फोन पुढे ढकलण्यासाठी जंग जंग पछाडलं. त्यांना इंग्रजी येत नसेल, मेल कर, मी ऑफिसातून करतो.

पुढच्या गुरुवारी तो नेहमीच्या ट्रेनने आला. स्टेशनवरून गाडी चालवत घरी पोचला तेव्हा ऊन होतं, मागचं दार उघडं होतं, आणि चिन्मयी अंगणात पायरीवर बसून फोन स्पीकरवर लावून तिकडच्या हॉटेलवाल्याशी बोलत होती. तिकडे सकाळ असावी. अवधूत बूट काढता काढता ऐकू लागला आणि एक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला. आता ते होणार होतं. तो माणूस सांगणार होता, आणि अवधूतच्या डोळ्यांदेखत सगळं पुन्हा मिटणार होतं.

माणूस सांगतच होता. तुटक्या इंग्रजीत, अगदी मनापासून. मॅडम, जानेवारीत पूल बंद. रोज पाऊस. बीचवर कोणी नाही. फॅमिली लोक जूनमध्ये येतात, तुम्ही जूनमध्ये या, मी चांगली खोली देतो.

"Yes, I know," चिन्मयी म्हणाली. "So in January, no children?"

"No children, madam. Some old people only. Walking, walking."

"That's good," ती म्हणाली. "That's what we want."

तिने फोन ठेवला, वळली, आणि तिला तो दिसला. एक बूट पायात, एक हातात.

"तुला पावसाचं माहीत होतं," तो म्हणाला.

"दहावीला भूगोल मलाही होता, अवधूत."

ती उठून आत आली, ओट्याला टेकून उभी राहिली. मग सावकाश, जणू हॉटेलांची तुलनाच सांगते आहे अशा आवाजात ती बोलू लागली. इथल्या जानेवारीत कुठेही गेलं तरी बादल्या आणि फावडी घेतलेली मुलं असतात. लॉर्नला असतात, टॉर्कीला असतात, खालच्या तळ्यावरही असतात. तिला समुद्र हवा होता, पण रिकामा. म्हणून तिने नकाशा उघडून जिथे तेव्हा हिवाळा असेल असा किनारा शोधला होता. "आणि तू एकदाही विचारलं नाहीस, जानेवारीतच का म्हणून," ती म्हणाली. "सगळ्याला चालेल म्हणालास. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, याला न सांगता कळलंय. यालाही तसंच होतंय."

अवधूतने बूट खाली ठेवला. इथे हो म्हटलं की काम झालं असतं. एक शब्द, आणि ती जशी बोलत होती तशी बोलत राहिली असती. जिभेवर तो शब्द आलाही होता.

"नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, तू चुकलीस."

तिने हातातला फोन ओट्यावर ठेवला.

"मला वाटलं, तुला ऊन हवंय. मी गॅरेजमध्ये कोट आणून ठेवलेत."

"म्हणजे इतके दिवस मी एकटीच ठरवत होते?"

तिचा आवाज चढला होता. जुलैनंतर पहिल्यांदाच. अवधूतला त्याची भीती वाटायला हवी होती, पण त्याला वाटलं ते निराळंच. दाढेचं इंजेक्शन उतरताना आधी दुखतं, तसं काहीतरी छातीत सुरू झालं.

"मी येईन," तो म्हणाला. "तू म्हणशील तिथे येईन. पण मला तो रिकामा किनारा नाही सोसायचा, चिन्मयी. मला आवाज लागतो. पोरांचा. मी त्या गर्दीच्या गाडीने येतो ना रोज, ते घरी लवकर यायला नाही. तिथे ती ओरडत असतात, बॅगा आपटतात अंगावर, आणि तेवढा वेळ मला..."

पुढचं वाक्य त्याला येईना. त्याने ओट्याची कड धरली. तोंड वाकडं झालं होतं आणि ते सरळ करणं हातात राहिलं नव्हतं. चार महिने ठीक असलेला माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात, एका पायात बूट घालून, मोठमोठ्याने रडत होता.

चिन्मयी बघत राहिली. तो तिला समजावत नव्हता, जेव म्हणत नव्हता, चालेल म्हणत नव्हता. तिने पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, आधी नुसताच, मग जोर देऊन. तिच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते तिने पुसलं नाही.

"मग दोघांनी एका जागी जायचं तरी कसं?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"माहीत नाही."

मग तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली, शेजारी स्वतःसाठी ओढली, आणि लॅपटॉपमधल्या तारखा पुसून टाकल्या.

"बस," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून बघू."