दोर कोणी धरायचा

वर्षभर काळूरामने दोर धरला होता. झाडं उतरवायच्या धंद्यात दोन माणसं लागतात. एक मशीन घेऊन वर चढतो, दुसरा खाली उभा राहून कापलेली फांदी कौलांवर पडू नये म्हणून दोर ताणतो. लोकांच्या लक्षात राहतो तो वरचा. हाक त्यालाच, चहाही आधी त्यालाच. वर चढायचा तो सदा, काळूरामच्या धाकट्या बहिणीचा, नूतनचा नवरा. धंदा दोघांचा भागीत होता, पण काळूरामचं मशीन बंद पडल्यापासून लोक त्याला सदाचा गडीच समजू लागले होते.

आता सदाचंही मशीन बंद पडलं. दोन्ही चेनसॉ वादळाच्या साली एकाच दुकानातून घेतलेले, एकाच नारिंगी रंगाचे. दोघांनी मिळून ते सदाच्या पडवीत खोलले, तेव्हा सगळे भाग काजळीने काळे झाले होते. नूतनने ते डिझेलमध्ये धुतले आणि मग खरं काय ते दिसलं. एका पिस्टनवर उभ्या रेघा पडल्या होत्या, तो वाया गेलेला. दुसरा आरशासारखा. म्हणजे दोनांतलं एकच मशीन चालू होणार, आणि दिवेआगरला माधवरावांच्या घरावर कललेला फणस सोमवारी उतरवायचा होता. ज्याचं मशीन तो फणसावर जाणार.

शनिवारी दुपारी सदा ऑइल आणायला बाजारात गेला होता आणि नूतन विहिरीवर होती. तेवढ्यात काळूराम पडवीत येऊन गेला. त्याचं मशीन सदाच्या निम्म्यानेही चाललं नव्हतं, तेव्हा चांगला पिस्टन आपलाच, याबद्दल त्याला शंका नव्हती. शंका होती ती सदाची. त्याने खिशातली कानस काढली आणि पिस्टनच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, दोन खाचा घातल्या. त्याच्या घरची नारळावरची खूण तीच. वाडीत हद्दीवर पडलेल्या नारळाच्या देठाशी ज्या घराची खाच, त्या घरचा नारळ; यावर आजवर कुणी भांडलं नव्हतं.

रविवारी सकाळी तो आला तेव्हा सगळे भाग एकाच गोणपाटावर पसरलेले होते. सदा शेजारी बसून विडी ओढत होता. काळूरामला ते त्याचं निवांत बसणंच आवडलं नाही.

"दाजी, ह्यो पिस्टन माजा."

"कशावरून रे?"

"माजं मशीन कमी चाललंय."

"कमी चालून बंद पडलं, ह्याचं कौतुक सांगतोस व्हय?" सदा हसला. "सिलिंडरात घालून बघू. जिथं बसंल तिथला."

दोन्ही सिलिंडर दिसायला जुळ्या भावांसारखे होते. आतून एक जरासा मोठा. चांगला पिस्टन एकात खुळखुळला आणि दुसऱ्यात मऊ सरकत गेला.

"बसला," सदा म्हणाला. "माज्या सिलिंडरात."

"ह्यो सिलिंडर तुमचा कशावरून?"

सदाने विडी विझवली. सिलिंडरवर नाव नव्हतं. नटबोल्ट सारखे, भोकं सारखी, खालची बॉडीही सारखीच. काळूरामला वाटलं, दाजीने सिलिंडर आधीच बदलून ठेवलाय, म्हणून तर एवढा शांत. सदाही आता त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होता.

"नूतन!" सदाने हाक मारली. "तुज्या भावाचं सामान कंचं?"

नूतन पदराला हात पुसत आली. "दोन ताटांत ठेवलंवतं मी. तुमचं स्टीलच्या, दादाचं पितळी. काल दुपारी दादा येऊन गेला, इहिरीवरून दिसला मला. सांजच्याला तुमी हितं बसलंवता. गोणपाटावर कुणी वतलं?"

सदाने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "पुसायला घेतलंवतं."

"मग मला काय इचारता? दिसाया तर समदं सारखंच."

पितळी ताट. काळूरामने आठवायचा प्रयत्न केला. काल पिस्टन उचलला तो पितळी ताटातून की स्टीलच्या? त्याने फक्त चकाकी पाहिली होती, ताट पाहिलंच नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

"त्यावर माजी खूण हाय," तो म्हणाला आणि पिस्टन उलटा करून दोन खाचा दाखवल्या. "ह्या बगा. आमच्या घरची."

सदाने पिस्टन न घेताच बोटाने फिरवला. दुसऱ्या बाजूला, त्याच कडेवर, फुली कोरलेली होती. सदाच्या घरचे नारळावर फुली घालत.

"आन ही कुणाची?" सदा म्हणाला.

"चोर!"

"तू काय मग, साव? दुपारचा लपून येतोस ते?"

काळूरामने पिस्टन मागे ओढला, सदाने तो पकडला आणि सोडला नाही. नूतन ओरडली. हातांना डिझेल होतंच. पिस्टन निसटला आणि लादीवर कडेने आपटला. तो वाजला वेगळाच. काळूरामने उचलला तेव्हा खालच्या कडेचा नखाएवढा तुकडा गेला होता, बरोबर दोन खाचांच्या मधला. आणि फुलीपासून एक बारीक चीर वर पिनच्या भोकापर्यंत गेली होती. सदाने त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"गेला," तो म्हणाला.

कुणाचा गेला, हे दोघांनीही विचारलं नाही.

सोमवारी माधवरावांनी श्रीवर्धनहून गणराज नावाच्या माणसाला बोलावलं. तो आपलं मशीन घेऊन फणसावर चढला. खाली दोन दोर लागणार होते. "हे आपले दोघे दोरवाले," माधवरावांनी ओळख करून दिली, आणि चहाचा पहिला कप द्यायला गणराजला खाली बोलावलं.

दोघांनी दोर वाटून घेतले. गणराज पुन्हा वर गेला, मशीन सुरू झालं, पहिल्या फांदीचा भुसा दोघांच्या डोक्यावर पडू लागला. काळूरामने सदाच्या हाताकडे पाहिलं. सदाचा दोर जरा नवा दिसत होता. दोर ताणलेला ठेवूनच काळूरामने आपल्या दोराचं टोक पायाने जवळ ओढलं, आणि त्यावर कुणाची खूण आहे का, ते वाकून बघितलं.