निळ्या बसची पायरी

मित्रांनो, मी एक जुनी निळी बस आहे. डोंगराळ मुलखातल्या नारीन शहराच्या भंगारबाजाराच्या कडेला, चाकं काढलेली, विटांवर टेकवलेली. सध्या माझ्या पोटात कोंबड्या राहतात. हसा, खुशाल हसा. पण एके काळी याच पोटात सरकार बसत असे!

तरुणपणी मी साधी प्रवासी गाडी होते. बाजाराला जाणाऱ्या बायका, बटाट्याची पोती, मधूनच एखादी मेंढी, असा माझा संसार. मग उतारवयात माझं नशीब फळफळलं. बाकं काढून आत टेबल-खुर्च्या ठोकल्या, निळा रंग दिला आणि अंगावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मोफत कायदेशीर सल्ला आणि सरकारी सेवा'. खिंडीपलीकडच्या लोकांना कचेरी सापडत नाही, तेव्हा कचेरीनंच त्यांच्या दारी जायचं, असं ठरलं होतं. सिदिक-आके, म्हणजे सिदिकदादा, मला चालवायचे आणि वकील मीरिमबाई टेबलामागे बसायच्या.

पहिल्यांदा लोकांना मी काय आहे तेच कळेना. एक आजोबा मेंढी ओढत आले आणि म्हणाले, "हिला टोचा."

"आजोबा, ही जनावरांच्या डॉक्टरची गाडी नाही. इथं कायदा मिळतो," मीरिमबाई म्हणाल्या.

"मग कायदा टोचा! दाखला नाही म्हणून नातवाला शाळेत घेत नाहीत."

नातवाला दाखला मिळाला. पुढच्या खेपेला आजोबांनी माझ्या आरशाला शुभ म्हणून पांढरं फडकं बांधलं. काय मिरवले म्हणून सांगू!

पण मला आज सांगायचं आहे ते तुर्सुनायचं. डोंगरातल्या एका गावची ही सून. तिचा नवरा मॉस्कोला बांधकामावर गेला आणि परांचीवरून पडून तिथंच गेला. निकाह लागला होता, पण सरकारदरबारी नोंद नव्हती. आमच्याकडे कितीतरी जण ती करतच नाहीत. थोरला दीर ओरोझबेक तिला म्हणाला, "कायद्यानं तू आमची कोण? पोरीला घे आणि बापाकडे जा." ज्या घराच्या भिंती तिनं स्वतः लिंपल्या होत्या, त्या घरातून! मित्रांनो, घर तिला मिळत नसलं तरी तिच्या मुलीला मिळत होतं, कारण मुलीच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं. फक्त हिवाळा सरायच्या आत हक्क सांगायला हवा होता. एवढंच कोणीतरी तिच्या कानावर घालायचं होतं. आणि ते सांगणारी बाई माझ्यात बसून तिच्या गावात पोचली होती!

बर्फ पडण्याआधीची ती शेवटची फेरी होती. ओरोझबेक छातीवर हात ठेवून रस्त्यातच उभा. "पाहुणे आधी माझ्या घरी. मेंढी कापलीय."

"काम आटोपून येते ना," मीरिमबाई म्हणाल्या.

"म्हणजे माझ्या दारातून उपाशी जाणार? गावात तोंड दाखवू कसं मी?"

आमच्याकडे याच्यापुढे बोलताच येत नाही. मला त्याच्या अंगणात खिडकीला खेटून उभं केलं आणि माझं दार लावून घेतलं. मांस शिजायला दुपार गेली. ज्यांना काम होतं ते लोक कुंपणापाशी ताटकळले आणि एकेक करून गुरांकडे निघून गेले.

आत समोवारपाशी, म्हणजे चहाच्या बंबापाशी, तुर्सुनाय चहा ओतत होती. थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायचं नसतं. मीरिमबाई हातभर अंतरावर आणि हिच्या तोंडून ब्र निघत नाही! माझा तर जीव नुसता वरखाली होत होता. आमच्याकडे पाहुण्याला चहा घोटभरच ओततात, म्हणजे तो पुन्हा मागेल आणि बसून राहील. वाटी भरून दिली तर त्याचा अर्थ, आता उठा. तुर्सुनायनं मीरिमबाईंची वाटी काठोकाठ भरली.

तिला म्हणायचं होतं, बाई, उठा, बसकडे चला, मी मागोमाग येते.

"अगं, डोळे फुटले का तुझे?" ओरोझबेक खेकसला. "माफ करा हं, दुःखानं हिचं डोकं ठिकाणावर नाही."

"असू दे, मला चहा आवडतो," मीरिमबाई हसल्या. शहरात वाढलेल्या त्या, भरलेली वाटी पिऊन मोकळ्या झाल्या.

तेवढ्यात खिंडीवर ढग उतरले आणि सिदिक-आके घाई करू लागले. रिवाजाप्रमाणे मांसाची पुरचुंडी द्यायला तुर्सुनाय माझ्यापर्यंत धावत आली. तिनं दांडा धरला. एक पाय माझ्या पायरीवर ठेवला. मागून ओरोझबेक आला.

"एजे, ताई, काही म्हणायचंय का?" मीरिमबाईंनी विचारलं.

"पुन्हा या," ती म्हणाली आणि पाय खाली घेतला.

उन्हाळ्यात गेलो, तेव्हा त्या घरावर दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत होते. शेजारच्या म्हातारीनं मीरिमबाईंना सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तिनं वाटी भरून दिली होती ना तुला? एवढंही कळलं नाही, लेकी?" मीरिमबाई माझ्या पायरीवर बसून रडल्या. त्यानंतर माझं दार उघडून काम संपवल्याशिवाय त्यांनी कुठल्याही गावात पाण्याचा घोटही घेतला नाही. पण पुढे वरून हुकूम आला, आता सगळं फोनवर मिळतं, बस बंद. त्या गावात फोनला रेंज येत नाही, हे कोणी विचारलंच नाही.

परवा बाजारातून एक बाई आली. केस पिकलेले, हातात भाकऱ्यांची टोपली. माझ्या अंगावरची पुसट अक्षरं तिनं बोटानं वाचली. मग तोच दांडा धरला आणि या वेळी पायरी चढली. कोंबड्या हाकलल्या, टेबलासमोरच्या खुर्चीत बसली आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "माझं नाव तुर्सुनाय. मला माझ्या घराबद्दल विचारायचंय."

सगळं सांगितलं तिनं. अगदी पहिल्यापासून. मी ऐकत राहिले. उत्तर मला ठाऊक होतं हो, पण बसला कुठे बोलता येतं?

मित्रांनो, तुम्हाला बोलता येतं. कोणी दारापर्यंत येऊन गप्प उभं राहिलं, तर त्याला आत घ्या. आणि मला मोडायला घ्याल तेव्हा माझी पायरी तेवढी शेवटी काढा.