नलूच्या नावावरचं घर

"टाका आता तुमचाबी नंबर," मारोतराव म्हणाले. "साठ लोकाईचे तपासले, अन् स्वतःचाच अर्ज तळाशी कायले दाबून ठेवला?"

नलूचा अर्ज खरोखरच गठ्ठ्याच्या तळाशी होता. लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा, तीन दिवस ती तो खाली सरकवत आली होती. सातझरी नगरपंचायतीत घरकुलाच्या टेबलावर बसून तिला नऊ वर्षं झाली होती, तीही कंत्राटावर. नऊ वर्षं तिनं दुसऱ्यांची घरं कागदावर उभी केली. स्वतःसाठी अर्ज करायची ही पहिलीच वेळ.

तिनं जुन्या रेशनकार्डाचा नंबर एकेक आकडा बघून टाकला. संगणक जरा घुटमळला आणि मग लाल अक्षरं आली. अर्जदाराने घरकुलाचा लाभ घेतलेला आहे. सन २०१८. तालुका पुसद.

"बाप्पा!" मारोतराव चष्मा वर करून पुढं झुकले. "पुसदले घर बांधलं, अन् आमाले साधा पेढा नाही?"

ते हसले. लेखापाल माणूस, निवृत्तीला चार महिने उरलेले, दिवसभर अशीच थट्टा चालायची. पण नलू हसली नाही, तेव्हा त्यांचंही हसू ओसरलं.

तिनं फोटो उघडला. शेवटचा हप्ता देण्याआधी लाभार्थ्याला घरासमोर उभं करून फोटो काढतात. तसे शेकडो फोटो तिनं स्वतः चढवले होते. यातही दोन खोल्यांचं घर होतं, नवाकोरा निळा रंग होता, आणि दारात एक बाई डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. बाजूला एक माणूस. त्याचा डावा खांदा किंचित पडलेला. चेहरा बघायच्या आधीच तिनं तो खांदा ओळखला.

"कोण होय जी हे?"

"माहे मालक," नलू म्हणाली. "अन् ते बाई मी नाही."

श्रावण रंगारी एकोणीस वर्षांपूर्वी वीटभट्टीच्या कामाला म्हणून गेला आणि परत आला नाही. पुसदकडं कुणासोबत राहतो, एवढं कानावर आलं होतं. नलू तेव्हा अठ्ठावीसची होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं कुणी त्याला शोधून आणा म्हणालं नाही, आणि तिलाही कुणाच्या दारात जाऊन नवरा मागायची हिंमत झाली नाही. काडीमोड झाली नाही. काहीच झालं नाही. ती नुसती एकटी राहत गेली.

आता तिला राहायलाही जागा उरली नव्हती. सातझरी हे गाव अभयारण्याच्या दाराशी. वाघ बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, तशी ज्याच्याकडं रिकामी खोली त्यानं पलंग टाकून होमस्टेचा बोर्ड लावला. रिसॉर्टात भांडी घासणाऱ्या बायांना, सफारीच्या जिप्सी चालवणाऱ्यांना गावात भाड्यानं खोली मिळेना. शेवटी बरीच भांडणं होऊन नगरपंचायतीनं ठराव केला, की नाक्यावर पर्यटकांकडून जे शुल्क घेतो त्याचा चौथा हिस्सा बेघरांच्या घरांसाठी ठेवायचा. त्यातून यंदा बावीस घरं निघत होती. नगराध्यक्षांना त्याच पैशात वेशीवर दिव्यांचा वाघ बसवायचा होता. वाघ बघायला आलेल्याला आधी सिमेंटचा वाघ दाखवायचा, काय ती हौस! मारोतरावांनी त्या फायलीवर इतक्या शंका काढल्या, की वाघ बापडा फायलीतच निजला.

नलूचा घरमालक गोपाल याला तर धीरच नव्हता. "एक तारखेले जंगल खुलते, बाई," तो म्हणाला होता. "एसी सांगून ठेवला मी. तुमी नऊशे देता, पर्यटक एका राती दीड हजार देते. आता तुमीच सांगा." तिनं काय सांगावं? नवी घरं दसऱ्याला ताब्यात मिळणार होती; बावीस जणांच्या यादीत नाव लागलं तर तोवर थांबायला गोपाल तयार होता. नाही लागलं तर सहा किलोमीटरवरच्या वस्तीत एक टिनाची खोली होती. शेजार ना पाजार, आणि संध्याकाळी सहानंतर वाघाच्या भीतीनं त्या रस्त्यानं माणसं जात नव्हती.

"तुमाले दोन ओळीची तक्रार करा लागते," मारोतराव आवाज उतरवून म्हणाले. "माह्या नावावर दुसऱ्यानं लाभ घेतला, म्हणून. तिकडलं मंजुरीपत्र रद्द होते, त्याईच्याकडून पैशाची वसुली होते, अन् तुमचं नाव मोकळं होते. मी लिहून देतो. पण सोमवारी यादी लागते, ध्यानात ठेवजा."

"मी आधी पाहून येतो," नलू म्हणाली.

शनिवारी पहाटे ती निघाली. बायांना एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून गाड्यांना जत्रेची कळा असते. कुणी लेकीकडं, कुणी माहेरी. "कोठी चालल्या बाई?" यवतमाळला गाडी बदलल्यावर शेजारणीनं विचारलं. "घर पाहाले," नलू म्हणाली. "घेऊन राह्यले का?" "नाही, घेतलेलं हाय." आपण असं काय बोलून गेलो, याचं तिलाच नवल वाटलं. पिशवीत मारोतरावांनी लिहून दिलेली तक्रार होती, खाली फक्त तिच्या सहीची जागा. रस्ताभर ती मनात भांडत होती. माझं नाव घेऊन घरात बसली रांड. माझं नाव!

वस्ती पुसदच्या अलीकडं होती. घर शोधायला वेळ लागला नाही. निळा रंग आता फिका पडला होता. दाराच्या बाजूला चौकट आखून ठळक अक्षरांत लिहिलं होतं: लाभार्थीचे नाव, सौ. नलू श्रावण रंगारी.

ती वाचतच राहिली. दुकानावर नाही, दगडावर नाही, ताटवाटीवरसुद्धा कधी तिचं नाव कुणी घातलं नव्हतं. आणि इथं भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. ऊन डोक्यावर आलं होतं.

"कोण पायजे जी?" दारात फोटोतली बाई उभी होती. आता पदर डोक्यावर नव्हता, केस कपाळाशी पांढरे झाले होते. तिनं नलूकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"तुमी नलूबाई," ती म्हणाली. "मले मालूम होतं, येक ना येक दिवस तुमी येसान. या, आत या. मी जमनी."

भांडायचं ते सगळं नलूच्या ओठाशी होतं. पण समोरच्यानंच दार उघडून आत बोलावलं तर भांडण सुरू कुठून करावं? ती आत गेली. बुद्धाच्या मूर्तीशेजारी श्रावणचा फोटो होता. फोटोला हार होता.

तिनं पिशवी खाली ठेवली.

"केव्हा?" तिनं विचारलं.

"यंदाच्या पोळ्याले दोन वर्सं झाले. छातीत दुखते म्हणे, अन् दवाखान्यात नेईस्तोर..." जमनीनं फोटोकडं पाहिलं. "तुमाले कोणी सांगतलंच नाही?"

कुणी सांगणार? दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याला ती नाक्यावर गेल्या हंगामातल्या पर्यटकांच्या पावत्या मोजत होती, कारण नाक्यावरचा माणूस सुट्टीवर होता. सांजच्याला बैल सजून जाताना तिनं पाहिले होते. रात्री भाजीत मीठ जास्त पडलं होतं. एवढंच. विधवा झाल्याचा दिवस असा कोरडा गेला होता.

जमनीनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि न विचारताच सगळं सांगितलं. श्रावणनं सोबत नेलेल्या रेशनकार्डाच्या नकलेवरून जुन्या यादीत त्याची बायको म्हणून नलूचंच नाव चढलं होतं आणि घर बायकोच्या नावावर व्हायचं होतं. नाव बदलायला काडीमोडीचा कागद लागत होता.

"ते म्हणे, राहू दे, आपल्याले घराशी मतलब. फोटोच्या दिसी मले म्हणे, पदर घे डोक्यावर, अन् नाव इचारलं त नलू सांग. मी सांगतलं. तवापासून पोस्टमन आला, बँकेतला मानूस आला, नलू रंगारी कोण म्हणलं त मीच हौ म्हणतो." तिनं डोळ्याला पदर लावला. "लाज वाटते, बाई. पण आदी कुडाचं खोपट होतं, पावसात पोट्टी रातभर उभी राहे."

पोरगी आतल्या खोलीतून बघत होती. पायल तिचं नाव, यंदा दहावीला. तिचाही डावा खांदा जरा पडलेला होता. ते नलूला सगळ्यात जड गेलं.

"हे घर तुमचं हाय," जमनी म्हणाली. "कागदानं तुमचंच. मांगान त देतो. निस्तं पोट्टीची दहावी होऊ द्या."

नलू उठली आणि घर फिरून आली. स्वयंपाकाचा ओटा कडप्प्याचा होता. न्हाणीत नळ होता. मागच्या खिडकीचं एक तावदान फुटलेलं होतं, त्याला पुठ्ठा लावला होता. "हे काच बसवून घेजा," ती म्हणाली, "पावसाचं पाणी भिंतीत मुरते." का म्हणाली, कोण जाणे. नऊ वर्षांची सवय.

जमनीनं भाकर आणि तुरीचं वरण वाढलं. आपल्याच नावाच्या घरात नलू पाहुणीसारखी दोन घास जेवली. निघताना पायलनं तिची पिशवी रस्त्यापर्यंत आणून दिली. "मोठ्याई, येत जा," ती म्हणाली. कुणी शिकवलं होतं की तिचंच होतं, देव जाणे.

परतीच्या गाडीत तिचा हात सारखा गळ्यातल्या काळ्या पोतीवर जात होता. दोन वर्षं ती मेलेल्या माणसाच्या नावानं घातली होती. आता काढावी की राहू द्यावी, हे विचारायलासुद्धा तिला कुणी नव्हतं. तेव्हा मात्र ती रडली. खिडकीकडं तोंड करून, यवतमाळ येईपर्यंत रडली.

सोमवारी मारोतरावांनी यादीचा कागद समोर ओढला. "केली सही? द्या तक्रार."

"नाही जी. नाही करत."

"अहो, असं काय करता? दया आली का त्या बाईची?"

दया आली असं नव्हतं. जमनीवरचा राग अजून पुरता निवला नव्हता. पण जगात तिच्या नावानं एवढं एकच काही उभं होतं, आणि ते मोडा म्हणून तिनंच अर्ज करायचा? शिवाय चौकशी आली की तीन कार्यालयांत सांगावं लागणार, की माझा नवरा मला टाकून गेला होता. एकोणीस वर्षं झाकलेलं. आणि मग त्या पोरीनं कुठं बसून अभ्यास करायचा? यातलं काहीच मारोतरावांना नीट सांगता येईना.

"लिवा तुमी," ती म्हणाली. "अपात्र."

"कारण?"

"नियमात हाय तेच. अर्जदाराच्या नावे पक्के घर आहे."

मारोतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूहळू लिहिलं. बाविसांतलं शेवटचं घर रिसॉर्टात झाडू मारणाऱ्या मैनाबाईला गेलं. दुपारी नलूनं गोपालला फोन केला, खोली तीस तारखेला रिकामी करते म्हणून. तो "ठीक हाय" म्हणाला आणि वर, "बल्ब अन् पंखा ठेवून जाजा, बाई," हेही म्हणाला.

यादी बाहेरच्या फलकावर लावली, तशी बाया गोळा झाल्या. त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं.

"वाचून दाखवा नं, नलूबाई. आमचा काय उजेड हाय त सांगा."

दरवेळी तीच वाचायची. तिनं बावीस नावं वाचली. मैनाबाईनं दोन्ही हात तोंडावर दाबले, दोघीतिघींनी तिच्या पाठीवर थाप मारली. मग अपात्रांची नावं आली. एकेक नाव, एकेक कारण. तेरावं नाव आलं आणि तिनं तेही तशाच आवाजात वाचलं. "नलू श्रावण रंगारी. अर्जदाराच्या नावे पक्के घर आहे."

सगळ्या बाया तिच्याकडं वळल्या.

"अवो, तुमचं घर हाय?" गर्दीतली धनीबाई पुढं आली. "कधी सांगतलं नाही आमाले! कोठी हाय?"

"पुसदजवळ. दोन खोल्या हायत."

"मंग इथं किरायानं काहून मरून राह्यल्या? तिथं कोण राह्यते?"

नलूनं कागदावरचं बोट हलू दिलं नाही.

"घरचेच," ती म्हणाली, आणि चौदावं नाव वाचलं.