मास्तरांच्या कंबरेचं माप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात असते ती. स्वभावाने पहिल्यापासून घाबरट. दुकानात आल्या दिवशी कात्री बघूनच माझी गाळण उडाली होती. पण मास्तरांनी मला गळ्यात टाकलं आणि मी हळूहळू रुळले.

मास्तर जिभेचे गोड. गिऱ्हाइकाच्या कंबरेचं माप मोठ्याने सांगताना दोन-तीन इंच कमी सांगायचे, कापताना मात्र खरं धरायचे. उगाच कुणाचं मन कशाला दुखवा? गिऱ्हाईक खूश, पँटही झकास बसायची. त्यांची मुलगी काम शिकायला लागली तेव्हा तिलाही त्यांनी हेच पढवलं. मला तर त्यात गंमतच वाटायची.

मग शेजारच्या दवाखान्यातल्या सिस्टर युनिफॉर्म शिवून घ्यायला आल्या. मास्तर सारखे पाणी पितात हे बघून त्यांनी मला मागून घेतलं. मास्तरांना दाराला टेकवून उभं केलं आणि डोक्यापासून मला सोडलं; माझे साठ इंच संपले तिथे खूण करून टाचेपर्यंत आणखी सहा मोजले. सहासष्ट. त्याचं निम्मं म्हणून त्यांनी माझ्या तेहतीसवर बोट ठेवलं. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर मधुमेहाचा धोका वाढतो, तसं असेल तर लगेच रक्त तपासून घ्या, असं त्यांनी सांगितलं. मला मुलीच्या हातात देऊन त्या कापड निवडायला वळल्या.

मास्तरांनी स्वतःची कंबर कित्येक वर्षांत मोजली नव्हती. मुलीने मला त्यांच्या पोटावरून फिरवलं. मी छत्तीसला टेकले. तिने आकडा अंगठ्याखाली झाकला आणि म्हणाली, "तेहतीस."

काठावर पास झालो, म्हणत मास्तर हसले. सिस्टरही हसल्या.

त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मास्तर मशीनवरून सारखे उठायचे, घटाघटा पाणी प्यायचे. पायाच्या अंगठ्यावर कात्री पडून झालेली बारीकशी जखम काही केल्या भरेना. मी त्यांच्या गळ्यात लोंबत सगळं बघत होते. ओरडावं तर तोंड नाही.

अशात मास्तरांना नवी पँट हवी झाली. मुलीने कापड पसरून खडूने रेघ आखली. मास्तर कात्री घेऊन आले आणि सवयीने रेघेवर मला ठेवलं. शिवणीसाठी जादा ठेवलेली माया सोडून नऊ इंच भरले, म्हणजे कंबरेचा चौथा हिस्सा.

"हे छत्तीसचं माप कुणाचं?"

"तुमचंच, बाबा."

"मग त्या दिवशी तेहतीस का म्हणालीस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, कमी सांगायचं. नंतर खरं सांगायची भीती वाटली."

कापड तसंच टाकून बापलेक दवाखान्यात गेले. साखर खूप वाढलेली निघाली. आणखी उशीर झाला असता तर अंगठा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, चालणं सुरू झालं. जखम सावकाश भरली.

तेव्हापासून मुलगी अधूनमधून त्यांची कंबर मोजते आणि दिसेल तेच सांगते. पस्तीस. मग साडेचौतीस. घरात आनंदीआनंद. या टेपमुळे वाचलो, असं म्हणून मास्तर मला मऊ कापडात गुंडाळून ठेवतात. गिऱ्हाइकांसाठी दुसरी टेप आहे. घरच्या मापाला मीच लागते, असा त्यांचा हट्ट.

मित्रांनो, माझी झोप उडाली आहे ती इथेच. वर्षानुवर्षं ओढून ओढून मी विरले, आणि आता तर दर मापागणिक ताणत चालले आहे. माझा इंच आता इंचाहून लांब झालाय, म्हणून आकडा कमी भरतो. मास्तरांचा पट्टा अजून जुन्याच भोकात अडकतो, ते कुणी बघत नाही. चालायला जाणं त्यांनी कमी केलंय. काल पुन्हा पाण्याचा तांब्या सारखा भरताना दिसले.

कमी सांगायची ती जुनी खोड आता मलाच लागली आहे, आणि माझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. कृपा करून मला जपू नका. ज्या कात्रीला मी जन्मभर घाबरले, तिनेच माझे तुकडे करा. पण त्याआधी ती दुसरी टेप घ्या आणि मास्तरांची कंबर आजच मोजा.