बिनवासाचं पान

टोपलीत उरलेल्या पानांतलं एक धाकटीनं हाती घेतलं आणि उजेडात धरून निरखलं. सेज या विलायती सुगंधी पाल्याचं पान कसं, जाडसर आणि खरबरीत. हे लांबट, मऊ लवेचं. सेजच्या वाफ्याला लागून सासऱ्यांनी हौसेनं जांभळ्या फुलांचं एक झाड लावलं होतं. दिसायला देखणं, पण पान पोटात गेलं तर हृदय बंद पाडणारं. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आजची पानं त्यांनीच खुडली होती.

तिनं पान चोळून नाकाशी नेलं. सेज असता तर लगेच दरवळला असता. पण तीन महिन्यांपूर्वीच्या तापापासून तिला कसलाच वास येत नव्हता, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. खाणावळ थोरल्या जावेची. दूध करपल्याचा वास आला नाही म्हणून तिनं धाकटीच्या आधीच्या आचाऱ्याला घरी बसवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत धाकटीनं दिवस काढले. वेडीच ती, पण पोटासाठी वेडी.

धाकटीनं लोण्यात तळलेली पानं बटाट्यांवर घालून थोरली आज घाईत, न चाखताच नऊ ताटल्या बाहेर घेऊन गेली होती. थांबवावं, तर का ते सांगावं लागणार. बाहेर खुर्च्या सरकल्या.

धाकटी धावली. एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या तोंडाशी पोचलेला काटा तिनं सरळ हिसकावला.

"कुणी खाऊ नका. यात विषारी पान असेल."

"असेल म्हणजे? वास घेऊन बघितलं नाहीस?" थोरलीनं विचारलं.

"मला वासच येत नाही, ताई. त्या तापापासून."

थोरलीनं पाहुण्यांची माफी मागून अर्धा तास मागितला, ताटल्या उचलल्या आणि आत येऊन टोपलीतलं एकेक पान चोळून हुंगलं. चार पानांना नुसता गवताचा वास होता. ती चार वेगळी ठेवून ती स्टुलावर बसली. धाकटीला वाटलं, संपलं सगळं.

"तीन महिने चव कशी जमवलीस मग?"

"पहिला घास तुम्ही खाता ना. तुमच्या तोंडाकडे बघून."

थोरली उठली. तिनं हात धुतले, दुसऱ्या कढईत नवं लोणी तापवलं. मग धाकटीला आपला चेहरा नीट दिसेल अशी समोर उभी राहून तिनं ते चमच्यानं चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"करपलंय," ती म्हणाली. "तू कर. मी इथंच उभी आहे."